युनोस रोडस्टर १.६ : पत्रा, पट्टा आणि मागचे ब्रेक

गाडी १९९२ची जपानी युनोस रोडस्टर, म्हणजेच इंग्लंडात एमएक्स-५ नावाने विकली गेलेली माझदा. १.६ इंजिन, पाच गिअर, मीटरवर १,३८,००० किमी. सध्या मुक्काम इंग्लंडात, म्हणजे हिवाळाभर मीठ टाकलेल्या रस्त्यांवर. आजपर्यंत कुठवर आलं त्याची ही नोंद.

ही गाडी घेताना इंजिन सगळ्यात शेवटी बघावं. ते दणकट आहे आणि सुटे भाग सहज मिळतात. खिसा रिकामा करतो तो पत्रा. दारांखालच्या सिलचा (उंबरठ्यासारख्या पोकळ पत्र्याच्या पट्टीचा) मागचा टोकाचा भाग, मागच्या चाकाच्या लगेच पुढचा, तिथे गुडघ्यावर बसून चुंबक फिरवायचं. चुंबक धरत नसेल तर रंगाखाली पुट्टी आहे. खालच्या बाजूला नुकतंच जाड काळं डांबरी कोटिंग मारलेलं दिसलं तर विचारणा करायचीच. नंबर प्लेटवरून एमओटीचा (तिथल्या वार्षिक वाहन तपासणीचा) जुना इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो. त्यात सिलच्या गंजाची सूचना दोन-तीन वर्षं येत असेल आणि एकदम नाहीशी झाली असेल, तर वेल्डिंगची पावती मागा. सिलमध्ये पत्र्याचे थर असतात. आतला कुजका ठेवून वरून नवा चढवला तर गंज आतून चालूच राहतो.

गंजाचं मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या निचऱ्यात असतं. कापडी छपरावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांतल्या छिद्रांतून नळीने खाली जातं आणि मागच्या चाकापुढे बाहेर पडतं. चाचणी सोपी: प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी हळूहळू ओतायचं. या गाडीत डावीकडून लगेच धार लागली, उजवीकडे छिद्र काठोकाठ भरून राहिलं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वरून हलक्या हाताने घातल्यावर पानांचा चुरा आणि काळा चिखल निघाला, मग पाणी वाहिलं. तार वापरू नका. जोर लावला तर नळी आत निसटते आणि पाणी थेट सिलमध्ये उतरतं. सीटमागचा गालिचा ओला लागला तर सगळ्यात आधी हेच तपासावं.

दुसरी खात्री क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याची. १९८९ ते १९९१च्या सुमाराच्या गाड्यांत क्रँकचं पुढचं नाक लहान आहे. नाकावरचा बोल्ट नीट आवळला नाही तर चावीची (क्रँकवरचं चाक जागेवर धरणाऱ्या छोट्या पाचरीची) खाच झिजते, पुली डुलायला लागते आणि शेवटी टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ) सरकतं. पुढच्या पुलीच्या मधल्या भागावर चार खाचा म्हणजे लहान नाक, आठ म्हणजे मोठं. इथे आठ आहेत, आणि इंजिन चालू असताना पुली सरळ फिरते.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरवणारा दातेरी पट्टा, बदलला. जपानी गाड्यांत मागच्या बदलाचं स्टिकर असतं, इथे नव्हतं, म्हणून वाट बघितली नाही. बेल्ट तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, पण गाडी भर रस्त्यात उभी राहते. बेल्टबरोबर टेन्शनर (पट्टा ताणणारी पुली), आयडलर (पट्ट्याला वाट देणारी पुली), पाण्याचा पंप, दोन्ही कॅमची सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या), क्रँकचं पुढचं सील आणि इंजिन थंड ठेवणारं कूलंट ६ लिटर एकदमच घ्यावं, कारण खोलण्याची मेहनत तीच. दोन्ही कॅम पुलींवरच्या आय (इनटेक) आणि ई (एक्झॉस्ट) खुणांमध्ये बेल्टचे १९ दात आले पाहिजेत. टेन्शनरचा बोल्ट ढिला करून स्प्रिंगला ताण घेऊ द्यायचा, मग ३८ ते ५२ न्यूटन-मीटरने आवळायचा. त्यानंतर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून दात पुन्हा मोजायचे. पहिल्या मोजणीवर विश्वास ठेवून झाकण बसवलं की एका दाताची चूक आतच राहते.

हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या बाजूला कॅम अँगल सेन्सर (कॅमची स्थिती सांगणारा) आहे. त्याची ओ-रिंग (गोल रबरी कडी) वाळली की तेल बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचावर) ओघळतं आणि क्रँकचं मागचं सील गेलंय असं वाटतं. गिअरबॉक्स उतरवण्याआधी ही ओ-रिंग बदलून बघा, किंमत नगण्य आहे. सेन्सर सोडवण्यापूर्वी त्याच्या बैठकीवर रंगाची रेघ ओढायची. बसवल्यावर डायग्नोसिस डबीत टीईएन आणि जीएनडी असं लिहिलेल्या दोन जागा तारेने जोडून, ८५० आरपीएमला ठिणगीचं टायमिंग १० अंशांवर आणायचं.

मागचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारे भाग) अडकले होते, हँडब्रेक अर्धवट धरत होता. इथे पिस्टन क्लॅम्पने दाबून मागे जात नाही, जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या मागचा १४ मिमीचा बोल्ट काढला की ४ मिमी अ‍ॅलनने फिरणारा स्क्रू दिसतो. उलटा फिरवून पिस्टन आत घ्यायचा, नवे पॅड बसवायचे, मग सुलटा फिरवून चाक अडेपर्यंत आणायचं आणि एक तृतीयांश फेरा मागे. आता हँडब्रेक सहा टिचक्यांत धरतो.

पुढचं काम गिअरबॉक्सचं तेल: ७५डब्ल्यू-९० जीएल-४, २ लिटर. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते बघायचं. तो सुटला तरच खालचा उघडायचा.