जवारी कोंबडी ज्वारी खाते काय?

बाहेरचं पाहुणं बेळगावात आलं आणि हॉटेलच्या बोर्डावर 'जवारी चिकन' वाचलं की एक प्रश्न ठरलेला, ही कोंबडी ज्वारी खाऊन वाढवलेली असते काय हो? आम्ही हसतो. पण खरं सांगायचं तर प्रश्न काय वेडा नाही, कारण मराठी कोशात बघितलं तर जवारी म्हणजे ज्वारीच, आणि आमच्याकडं मात्र जवारी म्हणजे गावठी, जुन्या बियाण्याचं, इथलं. जवारी कोंबडी, जवारी अंडी, जवारी वांगी, जवारी मिरची, आणि माणूससुद्धा जवारी असतोय, म्हणजे रांगडा, पोटात एक ओठात एक नसलेला. कन्नडवालेपण हेच म्हणतात, उत्तर कर्नाटकातल्या रांगड्या कन्नडला ते जवारी भाषा म्हणतात आणि त्यात कमीपणा नसतो, उलट थोडा माजच असतो.

गणपत गल्लीत भाजी घ्यायला गेलं की जवारी टोमॅटो लांबून ओळखू येतंय. बुटकं, चपटं, देठाजवळ घड्या पडलेलं, रंग एकसारखा नाही, आणि दोन दिवस घरात ठेवलं तर पाणी सुटतंय. शेजारच्या बुट्टीत ते गुळगुळीत लांबडं हायब्रीड असतं, आठवडाभर काय होत नाही त्याला. दर मात्र त्या चपट्याचा जास्त. सारात घालायला आंबटपणा पाहिजे तर तेच घ्यावं लागतंय.

मग ज्वारी खाणाऱ्या मुलखात ज्वारीलाच काय म्हणतात? जोंधळा. निपाणी-चिकोडीकडं जुंधळा पण ऐकायला मिळतंय, आणि बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीच्या काळ्या रानात गेलं की जोळ. रब्बीचा पांढरा टपोरा तो शाळू. माझा आपला अंदाज असा की धान्याला जोंधळा आणि जोळ असे दोन घट्ट शब्द असल्यामुळं जवारी हा शब्द आमच्याकडं रिकामा राहिला आणि गावठीपणाला चिकटला. पुण्याकडं ज्वारी म्हणजे ज्वारीच, तिथं त्याला दुसरं काम करायला सवडच मिळाली नाही.

या सगळ्या नावांचं मूळ बघायला गेलं तर गंमत आहे. ज्वारी, जवारी, जुवार हे संस्कृत 'यवाकार' वरनं आलं असं कोशकार सांगतात, म्हणजे यवासारखं, जवासारखं. जोंधळा जातो 'यवनाल' कडं, आणि हेमचंद्राच्या १२व्या शतकातल्या 'देशीनाममाला' या प्राकृत शब्दकोशात 'जोण्णलिआ' असं रूप आहे, तेलुगूतलं जोन्न त्याच्या अगदी शेजारचं वाटतंय. म्हणजे आपल्या या धान्याला स्वतःचं नावच नव्हतं, आधी माहीत असलेल्या जवाचं नाव उसनं दिलं. साहजिक आहे, कारण धान्य बाहेरचं. पूर्व सुदानात कसाला भागात ५ हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत ज्वारीच्या दाण्यांचे आणि कोंड्याचे ठसे मिळालेत, ज्वारी पिकवायला सुरुवात तिकडं झाली आणि मग ती भारतात आली. आज जी भाकरी म्हणजे आमच्या मातीची असं आम्ही छातीठोक सांगतो ती मुळात आफ्रिकेची. इंग्रजीतलं सोरघम तर लॅटिनमधल्या सीरियाच्या नावावरनं आलं म्हणतात, म्हणजे तिकडंपण परकीच.

कन्नडात जोळ मात्र असा मुरला की जुन्या कन्नडात 'जोळवाळी' असा शब्दच आहे, धन्याचं जोळ खाल्लं म्हणून त्याच्यासाठी लढायचं, जीव द्यायचा ते ऋण. आपण खाल्ल्या मिठाला जागतो, ते जोळाला जागायचे. मला विचाराल तर जोळ जास्त पटतंय, नुसत्या मिठानं काय पोट भरत नाही. आणि नंतर मका आला तेव्हा त्यालापण ह्याच शब्दाला जोडून टाकलं, गोविनजोळ, मेक्केजोळ. जवाचं नाव ज्वारीला, ज्वारीचं नाव मक्याला.

आता हायब्रीड. १९६४ ला सीएसएच-१ हे आपल्या देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं आणि खेडोपाडी 'हायब्रीड' हा शब्द ज्वारीबरोबरच पोचला. आमच्याकडं म्हातारी माणसं आजपण नुसतं "हायब्रीड" म्हणाली तर ती ज्वारीच समजायची. उत्पन्न चांगलं, पण पावसात सापडली की दाणा काळा पडायचा, आणि त्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, नसायची, भाकरी थापताना कडेनं चिरा पडायच्या. शाळूतली मालदांडी, म्हणजे सोलापूरकडच्या मोहोळचं एम ३५-१ हे वाण, तिची भाकरी केली की फरक परातीतच कळतोय. तेव्हापासनं दोन जाती झाल्या, एक हायब्रीड आणि दुसरी जवारी, आणि हा हिशोब धान्यावरनं कोंबडीवर, भाजीवर आणि शेवटी माणसांवर गेला. पोरगं चार जिने चढून दमलं की "हायब्रीड खाऊन वाढलंय" हे ठरलेलं.

मिरजेत ह्याच शब्दाचं तिसरंच काहीतरी चालतं. तिथं तंबोऱ्याची जवारी काढतात, घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग कानशीनं घासून घासून असा आणायचा की तारेचा आवाज नुसता टण्ण न वाजता गुंजत राहिला पाहिजे. ह्याचा धान्याशी काय संबंध लावायच्या भानगडीत मी पडत नाही, पण बेळगावच्या माणसाला गाण्यातली जवारी आणि ताटातली जवारी दोन्ही कळतात एवढं मात्र आहे.

जवारी मिरची तर अमेरिकेतनं पोर्तुगीजांच्या जहाजातनं आलेली, टोमॅटो पण तिकडचंच. तरी ते जवारी, कारण बी घरचं. पिकलेल्या चांगल्या मिरच्या बाजूला काढून वाळवायच्या, बी राखेत घालून ठेवायचं आणि पुढच्या पावसाला तेच टाकायचं, विकत काय आणायचं नाही. परवा बियाण्याच्या दुकानात एक पाकीट दिसलं, पुढं मोठ्या अक्षरात 'जवारी मिरची' आणि मागं बारीक अक्षरात एफ-१ हायब्रीड. दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, "मग? जवारीच हाय की. हायब्रीड जवारी."