आईसाठी काढलेलं घर

फिलाडेल्फियातून चेस्टनट हिल वेस्टची लोकल पकडली. उतरून झाडीतल्या रस्त्यांनी चालत मिलमन स्ट्रीटला पोचले. आत, वाटेच्या टोकाला, हिरवट रंगाचं ते घर उभं होतं. कॉलेजात याची एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजूंची रेखाटनं, इतक्यांदा गिरवली होती, की ओळखीच्या माणसाच्या दारात आल्यासारखं झालं. घर खासगी आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच पाहिलं.

वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरीने हे घर आपल्या आईसाठी, व्हॅनासाठी बांधलं. 1964 मध्ये ते पूर्ण झालं. आपण शाळेत डोंगरामागच्या सूर्यासोबत काढायचो तसंच उतरत्या छपराचं घर, पण छप्पर मधोमध चिरलेलं. दारावरची कमान कसलाच भार घेत नाही, भिंतीवर नुसती पट्टी आहे. खिडक्या दोन्हीकडे वेगळ्या; तरी चौकोन मोजले तर डावीकडे पाच, उजवीकडेही पाच! सपाट छपरांच्या त्या काळात हे धाडसच होतं.

आदल्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले होते. व्हेंचुरी आणि त्याची वास्तुकार पत्नी डेनिस स्कॉट ब्राऊन यांच्या कामाचा संग्रह तिथे आहे. या घराचे आराखडे 1959 पासून सुरू होतात. सुरुवातीचे भारदस्त आहेत, त्यांत वास्तुकार लुई कानची छाया दिसते. (अहमदाबादच्या आयआयएमवाला कान. त्याचं एशरिक हाऊस या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे.) पुढे आराखडा आटोपशीर होत जातो.

आराखड्यांत मी सर्वांत जास्त रेंगाळले ती जिन्यापाशी. जिना आणि फायरप्लेस, दोघांनाही घराच्या मधलीच जागा हवी. व्हेंचुरीने कोणालाच हटवलं नाही. चिमणीला वाट देताना जिना वर अरुंद होतो आणि खाली ऐसपैस पसरतो. वर न्यायच्या वस्तू त्या रुंद पायऱ्यांवर ठेवता याव्यात, हेही त्याच्या मनात होतं. आमच्या घरी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर घड्या घातलेले कपडे कायम असायचे. आम्हाला डिझाइन शिकवताना ही पायरी कुणी दाखवली नव्हती.

आईला जिना चढावा लागू नये म्हणून तिची खोली, स्वयंपाकघर, सगळं तळमजल्यावर. ती गाडी चालवत नसे, म्हणून गॅरेज नाही. तिचं जुनं फर्निचर मात्र आराखड्यात आधीपासून धरलेलं.

परतीच्या गाडीत वहीत तो जिना काढून पाहिला. तीनदा खोडला.