सात भरल्या, चार उडाल्या

मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं की पिस्तूल जाड .४५ गोळीचं घ्यावं की बारीक ९ एमएमचं, हा वाद मिटला. कपड्याआड बाळगायला .४५, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, विषय संपला. ते सगळं आज परत घेतोय.

शनिवारी रेंजवर सात यार्डांवरून बिल ड्रिल (एका दमात सहा गोळ्या) करत होतो. आमच्याकडे होल्स्टरमधून पिस्तूल काढून झाडू देत नाहीत, म्हणून लो रेडीपासून, म्हणजे पिस्तूल आधीच हातात, तोंड खाली. चौथ्या गोळीनंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे अडकली, जशी ती गोळ्या संपल्यावर अडकते. डोक्यात एकच आलं, संपल्या. हाताने सवयीने मॅगझिन खाली सोडलं, दुसरं चढवलं, पुढच्या दोन झाडल्या. नंतर खाली पडलेलं मॅगझिन उचललं तर ते जड लागलं. आत पितळी पोटं चमकवत तीन जिवंत गोळ्या बसलेल्या. आधीच सात, त्यातल्या तीन मी स्वतःच्या हाताने जमिनीवर टाकून दिल्या होत्या.

पहिला संशय अर्थातच मॅगझिनवर. दोन्हींच्या बुडाला नेलपॉलिशने १ आणि २ असे आकडे घातले, तिसरं नवं मागवलं. (ऑनलाइन दुकानदाराने दोन दिवसांत देतो म्हणून नऊ दिवस लावले. मॅगझिन तरी दुकानात जाऊन हातात घेऊनच घ्यावं, हे माझं जुनंच मत.) एकशे वीस गोळ्यांत स्लाइड सात वेळा अवेळी अडकली: पहिल्या मॅगझिनला तीनदा, दुसऱ्याला दोनदा, कोऱ्या करकरीतलाही दोनदा. म्हणजे मॅगझिन निर्दोष सुटलं.

मग गोळ्यांवर आलो. .४५ च्या गोळीचं नाक जाड असतं. ते मॅगझिनमधून वर येताना स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याच्या) आतल्या बोंडाला घासलं तर स्टॉप वेळेआधी उचलला जाऊ शकतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. २३० ग्रेन वजनाची गोल नाकाची, २३० ची होलो पॉइंट (पोकळ टोकाची, आत शिरल्यावर उमलणारी) आणि १८५ ची, तीन प्रकार आलटून पालटून घातले. तिन्हींना तोच आजार. एक धागा मात्र वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता आणि मी त्याच्याकडे बघतच नव्हतो: सावकाश मारल्या की एकदाही नाही, घाईत मारल्या की तिसऱ्या-चौथ्या गोळीला हमखास.

टेक्सासच्या एलटीसी, म्हणजे पिस्तूल बाळगायच्या परवान्याच्या, परीक्षेत हे का दिसलं नाही, तेही मग कळलं. पन्नास गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्ड, २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. प्रत्येक फेरीला वेळ इतका ऐसपैस की मधे चहा होईल.

शेवटी बायकोने पन्नास गोळ्या मारल्या. एकदाही अडकली नाही. कानावरचे मफ सरकवून म्हणाली, "अरे, बंदूक नाही अडकत, तू अडकतोयस." मला पटेना. तर पुढच्या खेपेला ती देवघरातलं थोडं कुंकू डबीत घालून घेऊन आली. खोबरेल तेलाच्या दोन थेंबांत कालवून माझ्या डाव्या अंगठ्याच्या कडेला लावलं. सहा गोळ्या घाईत. पाचवीला अडकली. पिस्तूल रिकामं करून स्लाइड स्टॉप दिव्याखाली धरला, तर खालच्या कडेला लालभडक रेघ. धक्क्याबरोबर पिस्तूल उसळतं, मागोमाग माझा अंगठा वर सरकतो आणि स्टॉपला खालून ढुशी देतो. तीन आठवडे आणि दोनशेच्या वर गोळ्या, उत्तर माझ्याच हाताला होतं.

आनंद दहा मिनिटं टिकला. डावा अंगठा मुद्दाम खाली दाबून धरला तर अडकणं थांबलं, पण नळी जास्त उसळू लागली आणि स्प्लिट, म्हणजे दोन गोळ्यांमधला वेळ, ०.४१ सेकंदांवरून ०.५२ वर गेले. मग उजवा अंगठा वर घेतला, तर तो स्टॉपवरच विसावला आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे राहीचना. ट्रिगर दाबला, नुसती 'टिक'. त्या आवाजाने पोटात कसा गोळा येतो ते तुम्हाला सांगायला नको.

आता ९ एमएमचा हिशेब. माझं ९ एमएम पिस्तूल पी३६५, दहा गोळ्यांचं मॅगझिन, तोच पकडण्याचा ढंग, तोच खोडकर अंगठा. स्प्लिट ०.२८, सहाच्या सहा ए झोनमध्ये (लक्ष्याच्या मधल्या चौकटीत), आणि दोनशे गोळ्यांत अवेळी अडकणं शून्य. .४५ ने सहातल्या चार आत, एखादे दिवशी पाच. खोक्यावर सात विरुद्ध दहा असं छापलेलं असतं. माझ्या हातात तो हिशेब चार विरुद्ध दहा होता, आणि मी मात्र गोळीच्या व्यासावर निबंध लिहीत बसलो होतो.

.४५ च्या बाजूने बोलायचं तर २३० ग्रेनचा ऐवज आहे, थट्टा नाही. पण त्याची कीर्ती '१९११' नावाच्या मोठ्या पिस्तुलाच्या पाच इंची नळीतली. माझी सव्वातीन इंची. वेग उतरतो, आणि वेग उतरला की होलो पॉइंट नीट उमलेलच याची खात्री राहत नाही. एफबीआयची कसोटी चाचणीच्या जिलेटिनमध्ये १२ ते १८ इंच शिरण्याची, आणि चांगली ९ एमएम गोळी आता ती पार करते.

मायामीचा दाखला कोणीतरी देणारच, म्हणून आधीच देतो. ११ एप्रिल १९८६, एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. एक ९ एमएम गोळी हल्लेखोराच्या हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि सगळं खापर कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या व्यासावर, फुटलं. त्यातून आधी १० एमएम, मग १९९० मध्ये .४० ही गोळी आली, आणि फिरून फिरून एफबीआय २०१० च्या दशकात पुन्हा ९ एमएमवरच. त्या दिवसाची दुसरी गोष्ट फारसं कोणी काढत नाही. अनेक एजंटांकडे सहा गोळ्यांची रिव्हॉल्व्हर होती, आणि एकाच्या हाताला गोळी लागल्यावर त्याला आपलं रिव्हॉल्व्हर पुन्हा भरता येईना. मला आता ती जास्त खुपते.

(गावाकडे, भारतात, हा वाद रंगतच नाही. ९ एमएम प्रतिबंधित बोअर (कॅलिबर), त्यामुळे परवानाधारकाच्या नशिबी .३२. साताऱ्याच्या काकांना मी हे सगळं फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आमच्या सहा गोळ्या वीस वर्षांपूर्वीच्या अजून तशाच आहेत." मी म्हटलं, काका, आधी त्या बदला.)

बारा गोळ्यांचं मॅगझिनही लावून पाहिलं. क्षमता मिळते ती मुठीच्या लांबीतून, आणि कपड्याआडून दिसते तीही मूठच. ऑगस्टातल्या डॅलसमध्ये अंगात पातळ टी-शर्ट. भारतीय किराण्याच्या दुकानात खालच्या फळीवरची तूरडाळ घ्यायला वाकलो, आणि बायकोने मागून शर्ट खाली ओढला. अर्ध्या इंचाचा तो फरक. कुर्त्याखाली मात्र काहीही लपतं, फक्त गरज पडली तर बाहेर काढायला मुहूर्त बघावा लागेल.

तर ठरवलं होतं असं: पी३६५ बारा गोळ्यांसह कमरेला, .४५ विकायला काढायचं. जाहिरातीचे फोटोही काढले. पण हे लिहिता लिहिताच सुचलं की बाराचं मॅगझिन पिस्तुलात कशाला? पिस्तुलात दहाचं, मूठ आखूड राहील. बाराचं खिशात. बदलायची वेळ आली तर तेव्हा मूठ लांब दिसते की नाही याची फिकीर कोणाला?

दुसरं .४५ बद्दल. अंगठ्याला "खाली राहा" असं मनातून सांगून उपयोग नाही, त्याला जागा कळली पाहिजे. फ्रेमवर स्टॉपच्या बोटभर खाली स्केटबोर्डच्या खरखरीत टेपचा पाऊण इंची तुकडा चिकटवायचा, म्हणजे अंगठा तिथेच रुतेल आणि दाबही सुटणार नाही. जमलं तर ०.४१ परत मिळेल. कमरेला तरी ९ एमएमच राहणार, त्यात बदल नाही, पण मग .४५ विकायची घाई नाही.

टेप काल चिकटवली. येत्या शनिवारी शंभर गोळ्या, सगळ्या घाईत, पुन्हा कुंकू लावून. तोवर जाहिरात मसुद्यातच.