नव्या पदाचे पहिले महिने

नव्या पदावर आलेल्या अधिकाऱ्याला सोबत करून त्याचे प्रश्न त्यालाच सोडवायला लावायचे, हे माझे कोचिंगचे काम. ते म्हणजे परदेशातून आलेले नवे खूळ, असे म्हणणारे बडोद्यात भेटले, की मी त्यांना १८८१ सालाची आठवण करून देते. कवळाण्याहून १८७५ मध्ये दत्तक आलेल्या सयाजीरावांना त्या वर्षीच्या डिसेंबरात राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, आणि त्याआधी दिवाण सर टी. माधवराव त्यांना कारभारावर व्याख्याने देत होते. भाषा आणि इतर विद्या शिकवायला इलियटसाहेब होतेच. माधवरावांचा भर राजाने कोणती कामे अधिकाऱ्यांवर सोपवावीत, ब्रिटिश सरकारशी कसे वागावे, अशा व्यवहारी प्रश्नांवर होता.

या व्यवस्थेत मला एकच उणीव दिसते. ज्यांच्या हातून कारभार आपल्याकडे यायचा, त्यांच्याचजवळ आपला गोंधळ बोलून दाखवणे कोणालाही जड जाते. म्हणून नव्या पदावर येणाऱ्याचा कोच त्याचा वरिष्ठ नसावा, हाताखालचा तर नसावाच, आणि व्याख्याने संपली तरी पद हाती आल्यावरचे निदान तीन-चार महिने त्याने सोबत राहावे, असे माझे ठाम मत आहे, कारण खरे प्रश्न खुर्चीत बसल्यावरच सुरू होतात.

बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रासायनिक कारखान्यात उत्पादन विभागातून बढती मिळालेले एक प्लांट हेड, म्हणजे कारखान्याचे प्रमुख, होते. त्यांच्या सकाळच्या बैठकीत मी कोपऱ्यात बसून असे. मेंटेनन्सच्या प्रमुखांनी पंपाच्या सीलबद्दल बोलायला सुरुवात केली, की प्लांट हेड त्यांचे वाक्य मध्येच तोडून कोणते सील मागवायचे ते सांगून टाकत, आणि ते प्रमुख वही मिटून घेत. बैठकीनंतर मी एवढेच विचारले, ‘साहेब, आज दिलेल्या उत्तरांपैकी तुमच्या पदाची उत्तरे किती होती?’ ते चिडले. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांनीच कागदावर दोन रकाने पाडून आणले होते: आपण घ्यायचे निर्णय आणि इतरांनी घ्यायचे निर्णय. दुसरा रकाना बराच लांब होता. सील, रजा, कंत्राटी कामगारांची पाळी, सगळे त्यात गेले. पहिल्यात सुरक्षिततेसाठी प्लांट बंद ठेवण्याचा अधिकार आणि वर्षभराच्या खर्चाची प्राथमिकता, एवढेच उरले.

कंपनी पैसे देते, त्यामुळे ‘माणूस कसा वाटतो?’ हा प्रश्न मनुष्यबळ विभागाकडून हटकून येतो. त्याचे उत्तर मी देऊ लागले, तर नवा प्रमुख माझ्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी वरिष्ठ, नवा प्रमुख आणि मी अशी तिघांची बैठक घेऊन मी उद्दिष्टे लिहून घेते. पुढे कंपनीला भेटी झाल्या की नाही एवढेच कळवते, आणि प्रगती सांगायचीच असेल तर ती नव्या प्रमुखाने स्वतः सांगायची असते. ही अट ज्यांना मान्य नसते, त्यांचे काम मी घेत नाही.