पुड्यातली चव, घरचा डबा

पाकिटाच्या मागची यादी वाचायची सवय लागली की खाऊच्या दुकानात पूर्वीसारखं निवांत फिरता येत नाही. ज्या घटकाचं वजन सगळ्यांत जास्त तो यादीत पहिला, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. आमच्या घरी येणाऱ्या क्रीमच्या बिस्किटांवर पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि बरंच खाली इन्व्हर्ट सिरप. म्हणजे पुन्हा साखरच, फक्त पाकाच्या रूपात.

मला हे वाचायला लावलं सहावीतल्या लेकीने. सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कोणत्या खाऊत किती साखर असते ते दाखवणारा फलक, लावायला सांगितलं, तसा तिच्याही शाळेत लागला. घरी येऊन तिने फडताळातले सगळे पुडे टेबलावर मांडले आणि ग्रॅमला चाराने भागून चमचे काढत बसली. एक सपाट चमचा साखर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. वरून घातलेली, मधातली, रसातली अशी सगळी साखर मिळून मोठ्या माणसाने दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आतच राहावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सहा चमचे. आमच्या क्रीमच्या बिस्किटांत १०० ग्रॅमला ३६ ग्रॅम साखर होती, आणि दुपारच्या चहापासून झोपेपर्यंत तो पुडा घरात फिरत असायचा.

पण खाऊ बंद करायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. बंद केलेला खाऊ मुलं मैत्रिणीच्या घरी खातात आणि मोठी माणसं ऑफिसात. घरी करायचं, आणि ज्याला जे आवडतं ते त्याला मिळायला हवं.

इथे पहिलं काम स्वयंपाकघरातलं नव्हतं, बघत बसण्याचं होतं. लेक क्रीमचं बिस्कीट उघडते, क्रीम दातांनी खरवडून खाते आणि उरलेल्या दोन चकत्या कुणाच्याही हातात देते. सासरे, म्हणजे बाबा, बिस्कीट चहात बुडवतात. त्यांना गोडाची ओढ नाही, चहात तुटून पडू नये एवढंच हवं. नवऱ्याला रात्री उशिरा आल्यावर नूडल्स लागतात, पण त्याचा जीव त्यातल्या मसाल्यात आहे. आवड पदार्थातल्या एखाद्याच गोष्टीत अडकलेली असते. ती नेमकी धरली की बाकीचं बदललं तरी कुणी तक्रार करत नाही. ती न ओळखता नुसतं 'पौष्टिक' करून समोर ठेवलं, तर डबा भरलेलाच राहतो.

सामानासाठी ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात गेले. नाचणी, शेंगदाणे, गूळ, गव्हाच्या शेवया सगळं तिथे सुट्टं मिळतं आणि शेंगदाणे चावून बघता येतात. खवट शेंगदाणा पुढे कशानेही लपत नाही. नाचणीचं पीठ विकतचं घेतलं नाही. धुऊन, वाळवून गिरणीतून दळून आणली. कोको पावडर तेवढी बेकिंगचं सामान मिळणाऱ्या दुकानातून घेतली, बिनसाखरेची बघून.

सुरुवात क्रीमपासून केली, कारण लेकीचा जीव तिथे. शेंगदाणे मंद आचेवर सालं सुटेपर्यंत भाजले, पाखडून घेतले आणि कोमट असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात घातले. आधी कूट होतं. मग ते भांड्याच्या कडेला चिकटून बसतं आणि आता काही होणार नाही असं वाटतं. पातं थांबवायचं, चमच्याने कडा सोडवायच्या, भांडं फार तापलं असेल तर पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा फिरवायचं. थोड्या वेळाने त्याचा गोळा होतो, आणि मग एकाएकी तेल सुटून ते चकचकीत, सैल होतं, चमच्यावरून धारेने पडतं. वरून तेलाचा एक थेंब लागत नाही. दोन वाट्या शेंगदाण्यांना दोन मोठे चमचे कोको, दोन मोठे चमचे गुळाची पावडर, चिमूटभर मीठ आणि व्हॅनिलाचे दोन थेंब. पाणी किंवा दूध मात्र अजिबात नाही. ओल लागली की ते घट्ट गच्च होतं आणि टिकतही नाही. मीठ विसरायचं नाही. विकतच्या क्रीममध्ये गोडाला जी धार असते ती मिठाची, हे मला चाखता चाखता कळलं.

चकत्यांसाठी १२० ग्रॅम कणीक, ६० ग्रॅम नाचणी, ७० ग्रॅम साजूक तूप, ५० ग्रॅम गुळाची पावडर, पाव चमचा बेकिंग पावडर, मीठ आणि गोळा जमेल इतकंच दूध. नाचणी आधी कोरडी भाजून घेते, त्याने कच्चट वास जातो. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून ती जास्त घालावी असं वाटतं. पण तिच्यात ग्लुटेन नसतं, म्हणून एकट्या नाचणीचं बिस्कीट उचलतानाच भुगा होतं. कणकेने ते धरून राहतं. अर्ध्या सेंटीमीटरहून पातळ लाटून ओव्हनमध्ये १६० अंशांवर, कडा जराशा गडद होईपर्यंत.

चव पहिल्यापासूनच जमली. अडचण निघाली ठाण्याच्या हवेची. जुलैतल्या दिवसांत सकाळी भाजलेली बिस्किटं संध्याकाळपर्यंत सादळायची. साखरेची इतक्या लवकर सादळत नाहीत. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळ्या रूपात असतात आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे भट्टीवाला रात्री सगळी भट्टी थंड व्हायला लागली की आमचे पत्रे परत आत सारायचा. तू पण परत भाज." त्यांच्या माहेरी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत होती, तिथलं हे पाहिलेलं. तसंच केलं. एकदा भाजून, गार करून, पुन्हा १२० अंशांवर पंधरा मिनिटं, आणि मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवून आतच निवू द्यायची. आतली उरलीसुरली ओल निघून जाते आणि तोडताना टक् असा आवाज येतो. मोठ्या बरणीऐवजी लहान स्टीलच्या डब्यांत भरते, म्हणजे एक डबा उघडला तरी बाकीचे कोरडे राहतात. क्रीम वेगळ्या बाटलीत. खायच्या वेळी लेक स्वतः लावून घेते.

बाबांची बिस्किटं याच पिठाची, पण गूळ नाही. त्यांना मधुमेह आहे. 'गुळाचं आहे ना, मग चालेल' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की इथे स्पष्ट लिहिते: मधुमेहाला गूळ आणि साखर यांत फरक करण्यासारखं काही नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, तर गुळात ३८० च्या आसपास. मी गूळ वापरते तो चवीसाठी. फायदा झाला आहे तो एकूण गोड कमी केल्यामुळे. बाबांच्या बिस्किटांत भरडलेलं जिरं, ओवा आणि मीठ असतं. दोनदा भाजलेली असल्यामुळे चहात बुडवली तरी तुटत नाहीत. त्यांनी पहिलं बुडवून वर काढलं, फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे टिकतं." तरी पीठ ते पीठच, म्हणून दोनच. तिसरं मागितलं तर सासूबाई डबा उचलून नेतात.

नूडल्सना वेळ लागला. पाकिटातल्या बहुतेक नूडल्स तेलात तळून सुकवलेल्या असतात, म्हणून त्या दोन मिनिटांत शिजतात आणि म्हणूनच त्यांत तेल असतं. त्या जागी गव्हाच्या लांब शेवया सहज चालल्या. मसाला मात्र चालेना. धणे, जिरं, मिरी, हळद, तिखट, सुंठ, आमचूर सगळं घालूनही ती आमटीच लागायची. कमी काय होतं ते लक्षात आलं एका उन्हाळ्यात टोमॅटो वाळवताना: ती जिभेवर रेंगाळणारी मांसल चव. ती ग्लुटामेट नावाच्या घटकाची असते, आणि पिकलेल्या टोमॅटोत ते मुळातच असतं, वाळवल्यावर एकवटतं. आता एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या ग्रिलवर ताटं ठेवून टोमॅटोच्या चकत्या आणि उभा चिरलेला कांदा कडकडीत वाळवते, लसूण ओव्हनमध्ये मंद आचेवर. तिन्हींची पूड बाकीच्या मसाल्यात मिसळली की झाकण उघडताच तोच वास येतो. मीठ मसाल्यात घालत नाही, शिजवताना घालते. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यातलं किती या वाटीत चाललं आहे ते डोळ्यांना दिसायला हवं. नवऱ्याने पहिल्या रात्री वाटी पुसून खाल्ली. गाजर-मटारही त्यातच गेले.

आइस्क्रीमचं फार सांगत नाही. एवढंच की पाकिटावर 'फ्रोझन डेझर्ट' असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असतं. घरी दूध आटवून कुल्फी करते. साखर कमी घातली की ती दगडासारखी गोठते, कारण साखरच गोठण्याचा बिंदू खाली आणते. दहा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवायची. वेफर्सच्या वाटेला मी गेले नाही. घरी तळलेला वेफरही तळलेलाच, आणि भाजलेल्याला ती मजा नाही. पातळ पोह्यांचा भाजका चिवडा असतो, आणि कधीतरी फरसाणवाल्याकडून शंभर ग्रॅम वेफर्स आणून सगळे मिळून खातो.

सोसायटीतल्या वाढदिवसांना लेक सगळं खाते. मी तिला डोळे दाखवत नाही. पण गोड हळूहळू कमी करत नेल्याने जीभ बदलली आहे हे तिचं तिलाच कळलं. परवा बऱ्याच दिवसांनी जुन्या पुड्यातलं बिस्कीट तिने अर्धं खाऊन ठेवलं, "आई, खूपच गोड आहे गं." माझ्यासाठी ही त्या फलकाहून मोठी गोष्ट होती.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणी विचारतात, एवढा वेळ कुठून आणतेस? रोज नाही लागत. रविवारी तिप्पट पीठ मळते, त्याचे लाटण्याएवढे जाड रोल करून बटर पेपरमध्ये गुंडाळते आणि फ्रीजरला टाकते. कामावरून आल्यावर एक रोल काढायचा, चहाचं आधण ठेवेपर्यंत तो सुरीने कापण्याइतका सैल होतो, पातळ चकत्या पाडायच्या आणि ओव्हनमध्ये सारायच्या. लागतील तेवढ्याच भाजल्या की त्या गरमच संपतात, आणि पावसाळ्यात दुसऱ्यांदा भाजायचं कामही उरत नाही.