५३ जणांत डिफेन्सचे कोण?

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिथे प्रत्येक संघाच्या शिबिरात ९० खेळाडू. ऑगस्टअखेर उरतात ५३. डिफेन्सच्या, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्यांच्या, वाट्याला साधारण २५: पुढच्या फळीत ९, त्यांच्या मागचे लाइनबॅकर ६, कडेला पास अडवणारे कॉर्नरबॅक ६, सगळ्यांत मागचे सेफ्टी ४. पहिली १८ नावं कुणीही सांगेल. अंदाज फसतो तो शेवटच्या सहा-सात जागांवर, कारण आपण टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला किती वेळा पाडलं ते, मोजत बसतो. सराव सामन्यात चौथ्या क्वार्टरला दोन सॅक काढणारा (पास टाकणाऱ्याला चेंडू सुटण्याआधीच पाडणारा) पोरगा बहुधा समोरच्यांच्या तिसऱ्या पसंतीच्या खेळाडूंशी भिडलेला असतो. पहिल्या पंट कव्हरेजमध्ये, म्हणजे आपल्या संघाने लाथेने लांब मारलेल्या चेंडूमागे धावणाऱ्यांत, तो दिसत नसेल, तर त्याचं नाव खुशाल खोडा. आणि चार हंगाम खेळलेला गडी कापला म्हणून हुरळू नका. त्याला वेव्हर्स, म्हणजे कापलेल्या खेळाडूवर इतर संघांनी हक्क सांगायची पद्धत, लागत नाहीत. जखमी सहकारी राखीव यादीत गेला की तोच दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो.