दोन वर्षं तोच गणवेश

माझ्या मुलीला दोन वर्षं एकच गणवेश बसत होता. आठ वर्षांची झाली तरी कपडे आखूड होत नाहीत, याचं मला तेव्हा बरंच वाटायचं. मग सकाळी उठल्याउठल्या डोकं दुखायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या. पित्त म्हणून औषधं झाली, परीक्षेचं टेन्शन म्हणून समजूत घालून झाली. शेवटी चष्म्यासाठी म्हणून गेलो तर नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिक्षेत्र तपासलं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या कडेचं दिसतच नव्हतं. येताजाता दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा तिचा, आणि मी "बघून चाल" म्हणून रागवायचे. ते अजून सलतं.

एमआरआयमध्ये गाठ दिसली. क्रॅनिओफॅरिंजिओमा. मेंदूच्या तळाशी वाढीचं आणि इतर हार्मोन्स बनवणारी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्या वर, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात तिथे. सीटीत कॅल्शियमचे पांढरे ठिपके होते. मुलांमधल्या या गाठीची ती मोठी खूण. कॅन्सर नाही म्हटल्यावर मी रडले, पण सर्जन म्हणाले, "गाठ साधी आहे, जागा वाईट आहे." मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला चिकटलेला गाठीचा तुकडा ओढून काढला तर भूक, झोप, सगळंच बिघडू शकतं. म्हणून जमेल तेवढी काढायची आणि उरलेलीवर रेडिएशन. मी पूर्ण काढा म्हणून हटून बसले होते. त्यांनी ऐकलं नाही, ते बरंच झालं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री लघवी पाण्यासारखी होऊ लागली. शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोन बंद पडलं होतं. दर तासाला मापाच्या भांड्यात लघवी मोजायची, किती प्यायली ते शेजारच्या रकान्यात लिहायचं, मग रक्तातलं सोडियम. त्या हार्मोनची जागा घेणाऱ्या डेस्मोप्रेसिन या औषधाने लघवी आटोक्यात आली. पण ते दिल्यावर पाणी जास्त झालं तर सोडियम घसरतं, म्हणून "पी गं पाणी" म्हणायची सवयही मोडावी लागली.

आता बंद पडलेल्या हार्मोन्सच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन, डेस्मोप्रेसिन रोज, घड्याळ लावून. वाढीच्या इंजेक्शनचं पुढच्या एमआरआयनंतर ठरेल. आजारपणात शरीराला हायड्रोकॉर्टिसोन जास्त लागतं, म्हणून ताप आला की ते वाढवायचं, गोळी उलटून पडली तर त्याचंच इंजेक्शन, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागद तिच्या दप्तरात असतो, एक प्रत वर्गशिक्षिकेकडे. गेल्या महिन्यात रात्री दोनदा गोळी उलटली. तिने स्वतःच मांडी पुढे केली. इंजेक्शन दिलं आणि तसेच दवाखान्यात निघालो.